तांब्यावर लोखंडाची कल्हई

घरोघर तांब्यापितळेची भांडी वापरात होती, त्या काळी कल्हईवाल्याची आरोळी गल्लीत ऐकू आली की भांडी बाहेर निघत. कल्हईवाला जमिनीत लहानसा खड्डा करी, त्यात कोळसे पेटवी आणि भात्याने वारा घालून भांडे चांगले तापवी. मग तो त्यात चिमूटभर नवसागर टाकी. पांढरा धूर उठे, तोच तो कथलाची कांडी भांड्याला टेकवी आणि कापसाच्या बोळ्याने वितळलेले कथील आतून सर्वत्र फिरवी. पाहता पाहता तांबूस भांडे चांदीसारखे लखलखू लागे. काही महिन्यांनी ही कल्हई झिजे, बुडाशी पुन्हा तांब्याचा लाल रंग डोकावे आणि भांडे पुन्हा कल्हईवाल्याकडे जाई. भांडे मात्र वर्षानुवर्षे तेच राही. झिजायची ती कल्हई झिजे. तांबे सुरक्षित असे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास युरोपातील चित्रे छापणाऱ्या कारखान्यांत अशाच एका युक्तीने फार जुनी अडचण दूर केली. तेथेही वस्तू तांब्याचीच होती, तिच्यावर दुसऱ्या धातूचा पातळ थर द्यावयाचा होता आणि तो झिजला की पुन्हा चढवावयाचा होता. एवढेच नव्हे, तर नवसागरही तेथे उपयोगी पडत होता. मात्र थर कथलाचा नसून लोखंडाचा होता, आणि तो चढवणारी शक्ती विस्तवाची नसून विजेची होती.

ही अडचण कोणती होती, हे समजण्यासाठी तांब्याच्या पत्र्यावरून चित्र कसे छापतात ते पाहिले पाहिजे.

तांब्यावर कोरणे ही गोष्ट आपल्या देशाला नवी नाही. प्राचीन राजांनी दिलेली गावांची आणि जमिनींची दानपत्रे ताम्रपटांवर कोरलेली आढळतात. पण ताम्रपट हा वाचण्यासाठी असतो, छापण्यासाठी नव्हे. छापण्याचा पत्रा कोरताना सारे उलटे कोरावे लागते. आरशात दिसते तसे डावे उजवीकडे आणि उजवे डावीकडे काढावे, तेव्हा कागदावर ते सुलटे उमटते. मराठी मुलखातही हा उद्योग झालेला आहे. नाना फडणीसांच्या काळी पुण्यात तांब्याच्या पत्र्यावर नागरी अक्षरे कोरण्याचा प्रयत्न सुरू झाला, आणि पुढे १८०५ साली मिरजेस पटवर्धनांच्या आश्रयाने अशा कोरीव पत्र्यांवरून भगवद्गीता छापण्यात आली.

युरोपात मात्र पंधराव्या शतकापासून चित्रे छापण्याचे हे एक प्रमुख साधन होते. चित्रकार गुळगुळीत घासलेल्या तांब्याच्या पत्र्यावर पोलादी कोरणीने रेघा खोदी. कोरणीचे टोक तिरपे घासून धारदार केलेले असे. कोरणी तळहाताने पुढे रेटावयाची आणि वळण हवे असेल तेव्हा तिच्याऐवजी पत्राच फिरवावयाचा, अशी रीत होती. जेथे रेघ खोल व रुंद तेथे छाया दाट, जेथे उथळ व बारीक तेथे विरळ. एखाद्या मोठ्या चित्रात अशा हजारो रेघा असत. चेहऱ्यावरील एक सावली साधण्यासाठी कारागिराचे दिवसच्या दिवस जात, आणि संपूर्ण पत्रा पुरा होण्यास कित्येक महिने, प्रसंगी वर्षेही लागत. दुसरी रीत आम्लाची होती. पत्र्यावर मेणासारखा थर द्यावयाचा, सुईने त्यावर चित्र काढून तांबे उघडे करावयाचे आणि मग आम्लाकडून उघड्या रेघा खाववून घ्यावयाच्या. कशीही खोदली तरी रेघ पत्र्याच्या पातळीच्या खाली असे, हे महत्त्वाचे. पुस्तक छापण्याच्या खिळ्यांत अक्षर उंच असते व शाई उंचवट्याला लागते. येथे शाई खाचेत बसते.

छापताना पत्रा किंचित ऊन करून त्यावर दाट शाई चोपडीत. मग जाळीदार कापडाने, आणि शेवटी थोडी खडूची भुकटी लावलेल्या तळहाताने, वरचा सपाट भाग स्वच्छ पुसून काढीत. खाचांतील शाई तेवढी मागे राही. त्यावर ओलसर कागद आणि कागदावर लोकरीच्या घड्या ठेवून हे सारे दोन जड रुळांमधून दाबून काढीत. त्या प्रचंड दाबाने मऊ झालेला कागद खाचांत शिरे आणि तेथील शाई उचलून घेई. अशा छापाच्या रेघा कागदावर किंचित उठून आलेल्या असतात. शंभर रुपयांच्या नोटेवरील महात्मा गांधींच्या चित्रावरून हळूच बोट फिरवले, तर हाच उठाव बोटाला लागतो.

आता अडचण पाहा. तांबे मऊ असते म्हणूनच कोरणी त्यात सहज वळते. परंतु ज्या मऊपणामुळे ते चित्रकाराला प्रिय, त्याच मऊपणामुळे ते छापणाऱ्याच्या हाती टिकत नाही. प्रत्येक प्रतीसाठी पत्रा पुसावा लागतो, म्हणजे थोडासा घासला जातोच. आणि प्रत्येक प्रतीसाठी तो रुळांखाली दबतो. एका वेळची झीज डोळ्याला दिसत नाही. पण शेकडो वेळा पुसून आणि दाबून पत्र्याचा पृष्ठभाग झिजतो, खाचा उथळ होत जातात आणि त्यांच्या कडा बोथटतात. आधी नाजूक रेघा फिकटतात; मग आकाशातील ढग नाहीसे होतात, वस्त्रांच्या घड्या सपाट होतात, चेहरे निर्जीव दिसू लागतात. खोल कोरलेला पत्रा फार तर काही हजार प्रती देई. त्यांतल्या शेवटच्या प्रती पहिल्यांच्या फिक्या छाया असत. आम्लाने खोदलेला पत्रा त्याहून लवकर थके. म्हणूनच आरंभीच्या प्रतींना जास्त किंमत पडे, आणि ज्याच्या वाट्याला उशिराची प्रत येई त्याने पैसे देऊनही मूळ चित्र पाहिले असे म्हणता येत नसे.

सर्वांत अल्पायुषी असे ते कोरड्या सुईचे चित्र. यात चित्रकार आम्लही वापरत नाही आणि कोरणीही वापरत नाही. अणकुचीदार सुईने तो तांब्यावर सरळ ओरखडे काढतो. शेतात नांगर चालला की तासाच्या कडेला मातीचा वरंबा उठतो, तसा सुईच्या रेघेच्या कडेला तांब्याचा अगदी सूक्ष्म वरंबा उठतो. शाई या वरंब्याला धरून राहते आणि कागदावर मखमलीसारखी मऊ, गडद रेघ उमटते. पण हा वरंबा रुळाच्या दाबाखाली किती वेळ तग धरणार? काही डझन प्रती निघाल्या, की तो चिरडून जातो आणि मखमलीच्या जागी साधी खरखरीत रेघ उरते.

रेम्ब्रांट या जगद्विख्यात डच चित्रकाराच्या एका पत्र्याची कहाणी या संदर्भात सांगण्याजोगी आहे. १६४८ च्या सुमारास त्याने येशू ख्रिस्त रोग्यांना बरे करीत असल्याचे एक मोठे चित्र तांब्यावर तयार केले. त्यात आम्ल, कोरणी आणि कोरडी सुई ही तिन्ही साधने त्याने वापरली. एका बाजूला प्रकाशात न्हालेली माणसे आणि दुसऱ्या बाजूला काळोखातून पुढे सरकणारे आजारी, अपंग लोक, असे ते दृश्य आहे. त्याच्या एका प्रतीला शंभर गिल्डर एवढी मोठी किंमत आली अशी कथा पसरली, आणि चित्राला ‘शंभर गिल्डरचे चित्र’ असेच नाव पडले. १६६९ साली रेम्ब्रांट वारला, पण पत्रा राहिला. तो हातोहाती फिरत सुमारे शंभर वर्षांनी इंग्लंडमध्ये कॅप्टन विल्यम बेली या निवृत्त लष्करी अधिकाऱ्याकडे आला. तोपर्यंत तो पार झिजून गेला होता. बेली स्वतः कोरीव काम करी. त्याने १७७५ च्या सुमारास झिजलेल्या रेघा स्वतःच्या हाताने पुन्हा कोरल्या, म्हणजे रेम्ब्रांटच्या हातावर आपला हात चढवला. त्यावरून सुमारे शंभर प्रती काढल्यावर त्याने तो पत्रा कापून त्याचे चार तुकडे केले आणि त्या तुकड्यांवरून निरनिराळी चित्रे छापली! ज्या पत्र्यावर एका महान कलावंताने आपले सारे कौशल्य ओतले, त्याचा शेवट असा झाला. बेलीला दोष देणे सोपे आहे. परंतु त्याच्या हाती आलेल्या तांब्यात मूळ चित्र फारसे उरलेच नव्हते, हेही खरे.

तांबे मऊ, तर मग पोलादावरच का कोरू नये? हा विचारही पुढे आला. जेकब पर्किन्स नावाचा अमेरिकन यंत्रज्ञ १८१९ साली इंग्लंडला आला आणि त्याने पोलादी पत्र्यांवरून नोटा छापण्याची पद्धत तेथे रूढ केली. पोलाद आधी मऊ करावयाचे, त्यावर कोरावयाचे आणि मग तापवून व थंड करून ते पुन्हा टणक करावयाचे, अशी ती पद्धत होती. १८४० साली इंग्लंडमध्ये निघालेले जगातील पहिले डाकतिकीट, ते काळे एक पेनीचे तिकीट, पर्किन्सच्याच कंपनीने पोलादी पत्र्यांवरून छापले. एकेका पत्र्यावर २४० तिकिटे असत. अवघ्या अकरा पत्र्यांवरून अशी सुमारे ६ कोटी ८० लाख तिकिटे निघाली. गंमत अशी, की यांतील पहिला पत्रा आरंभी टणक न करताच वापरला होता. तो लवकरच झिजला आणि दुरुस्त करून घ्यावा लागला.

तिकिटांसाठी आणि नोटांसाठी पोलाद उत्तम ठरले, तरी चित्रकारांना ते मानवले नाही. मऊ केलेले पोलादही तांब्याहून कठीणच. कोरणी लवकर बोथट होई, हात दुखे, आणि तांब्यावर सहज येणारी रेघेची ढब पोलादावर येत नसे. पोलादावरील पुष्कळ चित्रे बारीक रेघांनी भरलेली, नेटकी आणि थंड दिसतात. चित्रकाराला हवे तांबे. छापणाऱ्याला हवे पोलाद. दोघांचे समाधान एकाच पत्र्यात कसे व्हावे?

याचे उत्तर चित्रकाराने दिले नाही आणि लोहारानेही दिले नाही. ते विजेच्या अभ्यासकांकडून आले. १८०० साली इटलीतील व्होल्टाने पहिला विद्युत्घट जाहीर केला. विजेचा प्रवाह क्षारांच्या पाण्यातून नेला, की त्या पाण्यातील धातू वेगळा होऊन एका टोकाशी जमतो, हे लवकरच ध्यानात आले. १८३८ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये मोरित्झ याकोबी याने मोरचुदाच्या पाण्यातून विजेने तांबे जमवून कोरीव वस्तूंच्या हुबेहूब प्रतिकृती तयार केल्या. या रीतीने एका कोरीव पत्र्यापासून दुसरा पत्रा काढता येऊ लागला. पण तोही तांब्याचाच, त्यामुळे तोही झिजणारच.

येथे एक साधा प्रयोग लक्षात घ्यावा. मोरचुदाच्या निळ्या पाण्यात लोखंडाचा स्वच्छ खिळा बुडवला, तर थोड्याच वेळात त्यावर तांब्याचा लालसर थर चढतो. त्यासाठी विजेची गरज लागत नाही. लोखंड पाण्यात विरघळण्यास उत्सुक असते. ते स्वतः पाण्यात उतरते आणि पाण्यातील तांब्याला बाहेर काढते. आता याच्या उलट करावे. हिराकस हा लोखंडाचा क्षार आहे. हिराकशीच्या पाण्यात तांब्याची पट्टी ठेवली, तर तासन् तास ठेवूनही तिच्यावर लोखंड चढत नाही. तांबे आपली जागा सोडून लोखंडाला बाहेर काढावयास तयार नसते. म्हणजे तांब्यावर लोखंड आपण होऊन बसत नाही. त्याला बळेच बसवावे लागते. हे बळ विजेचे. १८४६ साली जर्मनीतील रसायनशास्त्रज्ञ रुडॉल्फ ब्योटगर याने नवसागरासारख्या अमोनियाच्या क्षारांच्या साहाय्याने लोखंडाचा चकचकीत, कठीण थर विजेने चढवता येतो असे दाखवून दिले. १८५७ च्या सुमारास पॅरिसमध्ये आंरी गार्निए याने ही रीत कोरीव पत्र्यांना लावली, आणि १८५८ साली लंडनमध्ये राहणारा फ्रेंच कोरीवकार फर्दिनां जुबेर याने तेथील कला व उद्योग मंडळापुढे तिची माहिती सादर केली.

वेळही अनुकूल होती. इंग्लंडमध्ये १८३७ पासून एक कलासंघ चालू होता. वर्षाला एक गिनी वर्गणी देणाऱ्या प्रत्येक सभासदाला तो एक कोरीव चित्र देई. सभासद हजारोंनी होते, आणि प्रत्येकाला चांगली प्रत हवी होती. पाच हजाराव्या माणसानेही तेवढीच गिनी दिलेली असे. त्याच्या हाती फिकट कागद ठेवणे कोणत्या न्यायाचे?

पत्र्यावर लोखंड चढवण्याची कृती अशी. एका मोठ्या कुंडात नवसागर पाण्यात विरघळवतात. त्यात लोखंडाचा एक पत्रा टांगून तो विजेच्या धन टोकाला जोडतात आणि समोर दुसरा एक पत्रा ऋण टोकाला जोडतात. आरंभी पाण्यात लोखंड मुळीच नसते. प्रवाह सुरू केला की धन टोकाचे लोखंड हळूहळू विरघळून पाण्यात उतरू लागते. जुन्या कारखान्यांत पाणी असे ‘तयार’ होण्यासाठी काही दिवस वाट पाहत. मग ऋण टोकाचा पत्रा काढून त्याच्या जागी कोरलेला तांब्याचा पत्रा टांगावयाचा. आता धन टोकाकडून जितके लोखंड पाण्यात उतरते, सुमारे तितकेच या बाजूला तांब्यावर येऊन बसते आणि कुंडातील लोखंडाचा साठा भरलेला राहतो.

पण टांगण्यापूर्वी पत्रा स्वच्छ करणे हेच खरे काम आहे. बोटाचा पुसटसा ठसा राहिला तरी त्या जागी लोखंड नीट धरत नाही. आधी टर्पेंटाइनने खाचांतील शाई धुवावयाची, मग तीव्र क्षाराच्या पाण्याने तेलकटपणा काढावयाचा, त्यानंतर खडूची पूड व पाणी घेऊन कुंचल्याने घासावयाचे. पत्रा स्वच्छ झाला की नाही याची परीक्षा पाणीच देते. त्यावर पाणी ओतावे. ते सलग पसरले तर ठीक, थेंबाथेंबांनी आकसले तर कोठे तरी तेल आहे असे समजावे आणि पुन्हा घासावे. या परीक्षेपुढे कोणाची घाई चालत नाही.

कुंडात गेल्यावर पहिल्या काही क्षणांतच तांब्याचा लाल रंग मावळतो आणि पत्रा रुपेरी दिसू लागतो. लोखंडाबरोबर थोडा हायड्रोजन वायूही सुटत असतो. त्याचे बारीक बुडबुडे पत्र्याला चिकटले, तर त्यांच्याखालची जागा उघडी राहते. म्हणून कारागीर मधूनमधून पिसाने किंवा मऊ कुंचल्याने ते दूर करतो. प्रवाह फार जोराचा सोडला तर थर काळपट आणि भुसभुशीत येतो. फार वेळ चालू ठेवला तर तो जाड होऊन तडकतो व पापुद्र्यासारखा सुटतो. योग्य वेळी पत्रा बाहेर काढून गरम पाण्याने धुवावयाचा आणि तत्काळ कोरडा करावयाचा. लोखंडाचा शत्रू गंज. म्हणून वाळलेल्या पत्र्याला लगेच तेलाचा हात देतात, आणि छपाई संपल्यावर मेणाचा लेप लावून तो ठेवतात.

एवढ्याने नाजूक रेघा बुजून जात नाहीत काय, अशी शंका येणे साहजिक आहे. त्यासाठी थोडा हिशेब करावा. समजा पत्रा ३० सेंटिमीटर लांब व २० सेंटिमीटर रुंद आहे, आणि थराची जाडी एका मिलिमीटरचा दोनशेवा भाग आहे. माणसाचा केसही याच्या दहापट किंवा त्याहून जाड असतो. तर या सबंध पत्र्यावर बसलेले लोखंड भरेल अवघे अडीच ग्रॅमच्या आत. फॅरेडेने घालून दिलेल्या नियमाप्रमाणे एक ॲम्पियरचा प्रवाह एक तास वाहिला असता सुमारे एक ग्रॅम लोखंड जमते, म्हणून कारागिराला वेळेवरून थराचा अंदाज बांधता येतो. इतका पातळ थर रेघेच्या तळाशी, काठावर आणि कोरड्या सुईच्या त्या सूक्ष्म वरंब्यावरही अंगाबरोबर बसतो. रेघ बुजत नाही. तिला जणू चिलखत मिळते.

हा थर कठीण का असतो, हेही जाणण्यासारखे आहे. शुद्ध लोखंड खरे तर मऊ असते. त्यात थोडा कार्बन मिसळला म्हणजे पोलाद होते. विजेने चढवलेल्या या थरात कार्बन घातलेला नसतो, म्हणून त्याला पोलाद म्हणणे शास्त्राच्या दृष्टीने चूक आहे. तरी फ्रेंच कारागिरांनी या कृतीला पोलादावरून नाव दिले, इंग्रजांनीही तसेच केले, आणि ते नाव टिकून राहिले. विजेने हळूहळू बसणाऱ्या लोखंडाचे कण फार बारीक असतात आणि त्यांत हायड्रोजन अडकलेला असतो. त्यामुळे तो थर ठोकून केलेल्या लोखंडापेक्षा पुष्कळ कठीण होतो. तो ठिसूळही असतो. पण खाली तांब्याचा भक्कम आधार असल्यामुळे त्या ठिसूळपणाची बाधा होत नाही.

यापुढचा भाग सर्वांत सुंदर आहे. पत्रा छापला जात असता लोखंडही झिजते. चिरकाल टिकणारे असे काहीच नाही. पण ते झिजले की कळते. करड्या पत्र्यावर कोठे तरी, बहुधा उंच जागी किंवा कडेला, तांब्याची लाली चमकू लागते. छापणाऱ्याने तेथेच थांबावयाचे. मग पत्रा सौम्य गंधकाम्लात ठेवतात. सौम्य गंधकाम्ल लोखंडाला विरघळवते. तांब्याला ते बाधत नाही. ज्या स्वभावामुळे तांब्यावर लोखंड आपण होऊन बसत नव्हते, तोच स्वभाव येथे कामी येतो. विरघळण्यास उत्सुक लोखंड निघून जाते आणि जागचे न हलणारे तांबे जसेच्या तसे खाली राहते. धुऊन पाहावे तो चित्रकाराने सोडलेला मूळ पत्रा समोर! पुन्हा स्वच्छ करावा, पुन्हा कुंडात टांगावा, पुन्हा छापावा. ज्या पत्र्यावरून पूर्वी शेकडो प्रती निघत, त्यावरून आता हजारो निघू लागल्या, आणि शेवटची प्रत पहिलीच्या जवळ राहू लागली.

या थराचा आणखी एक लाभ झाला. हिंगुळाच्या लाल रंगात पारा व गंधक असतात. तांब्याशी त्याचा संबंध आला की रंग काळवंडतो. रंगीत चित्रे छापणाऱ्यांना हा जुना त्रास होता. लोखंडाचा पडदा मध्ये आल्यावर तो मिटला.

सर्वच चित्रकारांना मात्र ही युक्ती आवडली असे नाही. उघड्या तांब्यावर पुसल्यानंतरही शाईची अगदी पुसट झाक राहते आणि चित्राला एक ऊब देते. लोखंडी पत्रा अधिक स्वच्छ पुसला जातो, त्यामुळे छाप किंचित कोरडा येतो, असे काहींचे म्हणणे होते व आजही आहे. पारखी डोळ्यांना हा फरक जाणवतो, तेव्हा ती तक्रार निराधार म्हणता येणार नाही. दुसरी तक्रार वेगळीच होती. प्रती हव्या तितक्या निघू लागल्या, तर एकेकीचे मोल काय उरले? म्हणून अनेक चित्रकार ठरावीक प्रती काढून प्रत्येकीवर क्रमांक घालू लागले, आणि शेवटी पत्र्यावर आडव्या रेघा मारून तो स्वतःच रद्द करू लागले. जो पत्रा टिकवण्यासाठी इतकी खटपट, तोच मुद्दाम बिघडवण्याची वेळ आली.

या युक्तीची मर्यादाही स्पष्ट आहे. लोखंडाचा थर झीज थांबवतो. झालेली झीज भरून काढत नाही. पुसट झालेल्या रेघेवर लोखंड चढवले, तर ती पुसट रेघच टिकून राहील. म्हणून थर द्यावयाचा तो चांगल्या पत्र्यावर, छपाईच्या आरंभीच. रेम्ब्रांटच्या त्या पत्र्याला हे चिलखत मिळावयास हवे होते ते १६४८ साली. ते सापडले तेव्हा त्याचे चार तुकडे होऊन ऐंशी वर्षे लोटली होती.

विसाव्या शतकात क्रोमियमचा मुलामा देण्याची रीत निघाली. क्रोमियम लोखंडाहून कठीण आणि न गंजणारे असल्यामुळे मोठमोठ्या छापखान्यांनी ते स्वीकारले. तरी चित्रांच्या छपाईतून लोखंड हद्दपार झालेले नाही. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाच्या ताम्रपत्र विभागात तेरा हजारांहून अधिक कोरीव पत्रे जपून ठेवलेले आहेत. हा विभाग १७९७ साली स्थापन झाला. तेथील जुन्या पत्र्यांवरून आजही हाताने प्रती काढल्या जातात. कारागीर शाई लावतो, पुसतो, ओला कागद पसरतो आणि यंत्राचे चाक फिरवतो. प्रत उचलल्यावर तो पत्र्याकडेही एकदा निरखून पाहतो. करड्या पृष्ठभागावर एखाद्या कोपऱ्यात लालसर ठिपका दिसला, की तो पत्रा बाजूला काढला जातो आणि पुन्हा कुंडाकडे जातो.